अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात येणाऱ्यांसाठी

डांबराचा वास आला की आम्हा नागपूरकरांना कळतं, सरकार येतं आहे. दुसऱ्या गावांना थंडीची वर्दी तुरीच्या शेंगा देतात, शेकोट्या देतात. आमच्या शहराला ती रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागला की मिळते. ज्या खड्ड्यानं अकरा महिने सायकलींची चाकं वाकडी केली तो एका सकाळी बुजलेला असतो. सगळेच खड्डे बुजतात असं समजू नका. मंत्र्यांची गाडी ज्या वळणावर वळते तिथपर्यंत डांबर जातं आणि तिथेच, कुणी दोरी धरून आखल्यासारखं, संपतं. आमचा गोळीबार चौक त्या दोरीच्या आत आजवर कधी आला नाही.

कालपासून तो वास पुन्हा सुरू झाला आहे. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांचे पडदे धुऊन कुंपणांवर वाळत पडलेत. झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत गेरू आणि चुना फासलाय. पाहुण्यांपुढे झाडंही उघडी उभी राहिलेली या शहराला चालत नाहीत. आणि काल संध्याकाळी आमच्या विणकर समितीच्या कचेरीत अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुझं ते पत्रक काढ वं. बाहेरून येणाऱ्यांच्या सूचनांचं. तेच छापून टाकू. तारीख तेवढी बदल."

"ते छापू देणार नाही," मी म्हटलं.

"काहून?"

काहून, ते सांगायला बसले आहे. पत्रकाच्या एका पानात ते मावणारं नाही.

डिसेंबरात इथे दोन तऱ्हेचे पाहुणे उतरतात. एक मुंबईहून येतात. त्यांच्यासाठी बंब पेटतात, संत्र्यांच्या करंड्या भरून ठेवल्या जातात, एरवी खेकसणारे बाबू दारात हात बांधून उभे राहतात. दुसरे उमरेड, भिवापूर, मौदा, पवनी इकडून येतात, धडप्यात भाकरी बांधून, पहिल्यांना भेटायला. या दुसऱ्या पाहुण्यांसाठी शहर काय तयार ठेवतं? बांबू. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे बांधलेले बांबू, आणि त्यांच्यामागे परजिल्ह्यांतून आणलेले पोलीस. तेही बिचारे पाहुणेच. शाळांना सुट्टी देऊन वर्गांत कोंबलेले, शाळेच्या तारांवर बनियनं वाळत घालणारे. त्यांना धड बर्डी कुठे आणि महाल कुठे ते ठाऊक नसतं. ज्याला रस्ता माहीत नाही त्याला रस्ता अडवायला उभा करायचा, अशी ही व्यवस्था.

तीन वर्षांपूर्वी मी एकवीस वर्षांची होते. समितीत नवी होते, बोटांना छापखान्याची शाई लागलेली होती आणि ठळक टाइपात लिहिलेलं वाक्य खरंच असतं अशी माझी समजूत होती. त्या हिवाळ्यात पत्रक मी लिहिलं. ‘नागपूर शहरात प्रथमच येणाऱ्या विणकर बंधुभगिनींसाठी सोळा सूचना.’ सोळा अशासाठी की सुचल्या होत्या चौदा, पण खाली जागा उरली होती.

त्यातल्या पुष्कळ सूचनांबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. इतवारी स्टेशनावर उतरा, पुढे जाऊ नका, असं लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. सायकलरिक्षात बसण्याआधी ठरवून घ्या. ठरवून घेतलं तरी तो चौकात थांबून ‘आता इथून पुढे डबल’ म्हणेल, तेव्हा सामान मांडीवरच ठेवा. खानावळवाला बसू द्यायच्या आधी तुमच्या पायांकडे बघेल. बघू द्या, तुम्ही त्याच्या गल्ल्याकडे बघा. फूटपाथवर संत्र्यांचा ढीग लावून बसलेला वरची गोड फोड चाखायला देईल आणि खालची आंबट पिशवीत भरेल. हे शहर परक्याला असंच भरून देतं. त्याच्या संत्र्यांचं कौतुक बाहेर जितकं होतं तितकी ती आम्हाला इथे खायला मिळत नाहीत, हा वेगळा राग.

पण एक सूचना होती. सातवी. ‘भगिनींनी मोर्चाच्या दिवशी सकाळपासून पाणी बेताचं प्यावं.’

ही मी लिहिली. बाईनं. कारण मोर्चाच्या अख्ख्या वाटेवर बाईला आडोशाला जाता येईल अशी एक भिंत नाही. सरकार दरवर्षी येतं, दरवर्षी हजारो बायका त्या रस्त्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसतात, दरवर्षी झाडांना चुना लागतो आणि भिंत काही उभी राहत नाही. हे मी मागण्यांच्या कागदात लिहायला हवं होतं. मी ते सूचनांच्या कागदात लिहिलं. सरकारला सांगायचं ते मी तहानेला सांगितलं.

आणि नववी. ‘आपले अर्ज स्वतःजवळ न ठेवता समितीच्या कार्यकर्त्याकडे द्यावेत.’ उमरेडची वेणूबाई तिथेच अडली.

सकाळची छोटी गाडी इतवारीत शिरत होती. तिचा धूर थंडीमुळे वर जात नाही, फलाटावरच लोळतो. त्या धुरातून माणसं उतरली, आधी गाठोडी, मग पाय, मग तोंडं. मी पत्रकं वाटत होते आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचत होते. पुढे उभी असलेली एक उंच, सुकट बाई कान देऊन ऐकत होती, तीच ही वेणूबाई. ऐकता ऐकता तिनं चोळीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक घडी काढली आणि हातात धरून ठेवली.

"हे तुले द्याचं?"

"हो मावशी. आमच्याकडे द्या. आम्ही आत नेऊन देऊ."

"मीच देल्ला तं नाही चालत?"

"तुम्हाला आत सोडणार नाहीत. शिष्टमंडळ जातं. पाच जण."

"त्या पाचात तू हायेस?"

"नाही," मी म्हटलं. "पण आमचे अध्यक्ष आहेत."

तिनं घडीकडे पाहिलं, माझ्या झोळ्याकडे पाहिलं. झोळा खादीचा होता, त्यावर समितीचं नाव भरतकामात होतं. मला वाटतं, तिनं झोळ्यावर विश्वास ठेवला. घडी देताना म्हणाली, "सांभाळजो वं पोरी. याच्यात माहा माग हाये."

ते तिनं वाटेत सांगितलं. नवरा दिवाळीआधी गेला. विणकर सोसायटीचं कार्ड त्याच्या नावावर. कार्डावर सूत मिळायचं, आणि मागही सोसायटीनंच योजनेत दिलेला. नवरा दोन वर्षं खाटेवर होता तेव्हापासून मागावर वेणूबाईच बसत होती. लुगडी तिनं विणली, सोसायटीनं ती घेतली, कधी कुणी विचारलं नाही. माणूस मेल्यावर विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, बाया कांड्यांवर सूत भरून देतात, बाई विणकर नसते. कार्ड बंद, संक्रांतीनंतर माग उचलू. नागपूरहून साहेबाचा शेरा आणलास तर बघू. कार्ड तिच्या नावावर करावं एवढाच शेरा हवा होता. त्यासाठी वेणूबाई जन्मात पहिल्यांदा नागपूरला आली होती.

इतवारीतल्या एका धर्मशाळेत आम्ही आधी सांगून ठेवलं होतं. वहीवर बसलेल्या माणसानं बायांची नावं विचारली, मग आडनावं. पत्रकात मी शहाणपणानं लिहिलं होतं की आडनाव विचारल्यास ‘विणकर’ सांगावं. सगळ्यांनी तसंच सांगितलं.

"विणकर तं झालं," तो म्हणाला. "पण कोणते विणकर?"

वेणूबाईच्या शेजारी तिच्याच गावची शेवंताबाई होती, बौद्ध. दोघींची घरं गावाच्या दोन टोकांना होती, पण माग एकाच सुताचे. शेवंताबाईनं मान वर करून खरं सांगून टाकलं. तो माणूस वही मिटत म्हणाला, "ह्या बाईंची सोय दुसरीकडे बघा. बाकीच्यांनी या."

वेणूबाईनं त्याच्या धोतराकडे बोट केलं. "हा काठ कुठचा हाये, ठाऊक हाये का गा तुले? उमरेडचा हाये. इच्या घरचा का माह्या घरचा, ते मलेबी सांगता नाही येत. तुले येते?"

"मावशी, नियम आहे."

"तं मंग धोतर सोडून ठेव. नियम हाये."

बायका खदखदून हसल्या. हसून आम्ही सगळ्याच बाहेर पडलो, कारण हसण्यानं नियम बदलत नाही. शाळेत पोलीस होते, देवळाच्या ओसरीवर लग्नाचे वऱ्हाडी. शेवटी बाया घराघरांत वाटून दिल्या. वेणूबाई आणि शेवंताबाई आमच्या दोन खोल्यांत आल्या.

त्या संध्याकाळचा वास मला अजून येतो. आईनं वांग्याचं भरीत केलं होतं, चुलीत तुराट्या तडतडत होत्या. आमच्याही घरी माग होता. मी चौथीत असताना बाबांनी तो मोडला, लाकडं विकली आणि गिरणीत लागले. आईनं वीस वर्षं कांड्या भरल्या होत्या, पण मागावर ती कधी बसली नव्हती. बाईनं बसू नये, आडवं सूत फेकणारा धोटा बाईच्या हाती गेला तर घरात खोट येते, असं आमच्याकडे म्हणतात. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मागावर बसली तवा कसं वाटलं वं तुले?"

"पाय पुरेनात," वेणूबाई म्हणाली. "मागाखालचा पाय सोडाचा खड्डा त्याच्या मापाचा खंदला होता ना. खालच्या पावड्या माह्या पायाले लागेच नाही. मंग एकेका पावडीवर लाकडाची फळी ठोकली. पाय पुरले तं काय, समदंच पुरते."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मलेबी बसून पाहाचं होतं एकडाव."

मी तेव्हा भिंतीला टेकून दुसऱ्या दिवशीच्या घोषणा लिहीत होते. ‘हातमाग वाचवा’ असं लिहीत होते. माझ्या समोर दोन बायका हातमागाबद्दल बोलत होत्या आणि मला त्यांच्या बोलण्याचा अडथळा होत होता. हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहिलंच पाहिजे.

दुसरा दिवस अधिवेशनाचा शेवटचा होता. मोर्चाची तारीख आम्हाला तीच मिळाली होती. उशिरा मागणाऱ्यांना शेवटची तारीख मिळते. सकाळी ऊन कोवळं होतं, रस्ता गार होता, नवं डांबर अनवाणी पायांना मऊ लागत होतं. बायका घोषणा देताना आधी जरा लाजल्या, मग त्यांचा आवाज असा लागला की दुकानदार दारात आले. एक दुकानदार दुसऱ्याला म्हणाला, "हर साल का नाटक है." ही माझ्या शहराची दुसरी मराठी. राग आला की हिंदी, तुच्छता वाटली की हिंदी.

बर्डीच्या पुढे बांबू आले. आम्ही बसलो. दुपार झाली. बायका पाणी पीत नव्हत्या. माझी सातवी सूचना त्यांनी अक्षरशः पाळली होती. एक जण भोवळ येऊन आडवी झाली, तिला शेवंताबाईनं पदरानं वारा घातला. वेणूबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तहान लागली तं सांगू नोको, असंबी लिवलं हाये काय वं कागदात?" मी हसले. तिला हसवायचं नव्हतं.

दोनच्या सुमारास आत बोलावणं आलं. अध्यक्षांनी मला विजेच्या खांबापाशी घेतलं. "निवेदन दे. हे बाकीचे काय आहेत?"

"बायांचे अर्ज. कुणाचं सूत, कुणाचं कार्ड..."

त्यांनी वरचे दोन चाळले. "हे वैयक्तिक प्रश्न आहेत. आपल्याला धोरण पाहिजे. असे चिटोरे नेले तर तो साहेब एकेकावर शेरा मारून मोकळा होईल आणि मागणी राहील बाजूला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. ज्याचं काम झालं तो पुढच्या वर्षी मोर्चाला येत नाही."

मी मान हलवली. तुम्हाला सांगते, मला ते वाक्य तेव्हा फार हुशार वाटलं. धोरण हा शब्द तोंडात कसा भरदार वाटतो! वैयक्तिक म्हटलं की काहीतरी घरगुती, चुलीजवळचं, बायकी वाटतं. मी सगळे अर्ज एकत्र बांधून झोळ्याच्या तळाशी ठेवले. आमच्यासारखी माणसंच ही चूक करू शकतात. लबाडाला ती सुचत नाही, भोळ्याला जमत नाही. त्यासाठी चळवळीवर प्रेम असावं लागतं आणि माणसाचा कंटाळा.

शिष्टमंडळ बाहेर आलं. मंत्र्यांनी सहानुभूतीनं विचार करण्याचं आश्वासन दिलं होतं. टाळ्या झाल्या. आश्वासनाला टाळ्या वाजवायची सवय या शहरात लहानपणापासून लावतात. उठताना, कपडे झटकताना वेणूबाई माझ्यापाशी आली.

"पोचला काय माहा अर्ज?"

तिचे ओठ कोरडे पडले होते, सकाळपासून पाणी नव्हतं. बांबू अजून बांधलेले होते, आतल्या कचेऱ्या अजून चालू होत्या, ऊन अजून दीड हात वर होतं. मी म्हटलं, "पोचला, मावशी."

तिनं जोडलेले हात कपाळाला लावले. मला, देवाला, कुणाला ते कळलं नाही.

सकाळी त्यांना सोडायला मी पुन्हा इतवारीत गेले. गाडी लागलेली होती, बाया आत चढत होत्या. वेणूबाई खालीच उभी.

"पोच दे मंग."

"कसली पोच?"

"अर्ज देल्ला तं पोच भेटते ना वं. शिक्का. सेक्रेटरी मले आधी पोच मांगन. तो काय माह्या तोंडाकडे पाहून मानणार हाये?"

मी ‘टपालानं येईल’ म्हणू शकले असते. शब्द जिभेवर आलेही होते. पण तिची मान किंचित वाकडी झाली होती, ती माझ्याकडे नाही, झोळ्याकडे बघत होती. प्लास्टिकचा कागद तळातून थोडा वर आला होता. मी हात घातला आणि तो तिला दिला.

ती ओरडली नाही. शेवंताबाईला खिडकीतून म्हणाली, "जाय तू. मी उद्या येतो म्हणून सांगजो." आणि गाडीकडे पाठ करून चालू लागली. मी मागे मागे.

त्या सकाळी वेणूबाईनं माझ्या सोळाच्या सोळा सूचना मोडल्या. ठरवून न घेता रिक्षात बसली. रिक्षावाल्याला गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, नवरा कशानं गेला ते सांगितलं; त्यानं चौकात थांबून काही डबलबिबल मागितलं नाही. नळ दिसला तिथे उतरून पोटभर पाणी प्याली. संत्रीवाल्यानं चाखायला दिलेली फोड खाल्ली आणि ‘आंबट हाये रे’ म्हणून हसून पुढे गेली. एका पोलिसाला कचेरीची वाट विचारली. तो पोरगा साताऱ्याकडचा, म्हणाला, "मावशी, मला नाय म्हायती, मीच काल चुकलो हुतो." तेव्हा तिनंच त्याच्या मुक्कामाच्या शाळेची वाट दुसऱ्या कुणाला विचारून त्याला सांगितली. ज्या शहरापासून मी तिला सोळा कलमांनी वाचवत होते, ते तिला मला भेटतं त्यापेक्षा बरं भेटलं. म्हणून शहर चांगलं ठरत नाही. माझं पत्रक तेवढं खोटं ठरतं.

ज्या कचेरीत अर्ज द्यायचा होता तिच्या अंगणात ट्रक उभा होता. पत्र्याच्या पेट्या चढत होत्या. पडदे दांड्यांसकट काढून गुंडाळले होते. व्हरांड्यात खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या, आणि एक चष्मेवाला कारकून यादी हातात घेऊन पेट्या मोजत होता.

"कोणाले भेटाचं?"

"सायबाले."

"साहेब कालच्या गाडीनं गेले. सगळेच गेले. सरकार गेलं, बाई."

"गेलं?" वेणूबाईनं अंगणभर नजर फिरवली. "मंग हितं आता कोण हाये?"

"मी आहो."

"तू सरकार नाही?"

"मी नागपूरचा," तो म्हणाला, आणि त्यालाच हसू आलं.

तिनं अर्ज पुढे केला. त्यानं वाचला, जरा नीट वाचला, मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही स्वतः विणता?" विचारण्यात खोच नव्हती, पण शंका होती. वेणूबाई खुर्च्यांकडे वळली. रचलेल्या खुर्च्यांत एक मोठी होती, साहेबाची, तिच्या पाठीवर अजून पांढरा टॉवेल होता. तिनं त्याचं टोक दोन बोटांत धरलं.

"हा हातमागाचा हाये. पण काठ ढिला ठेवला. अन् हे पाह्य, इथं त्याची कांडी सरली होती. दुसरी घाईत घातली, गाठ इथंच राहून गेली. तब्येत बरी नसन त्याची त्या दिवशी."

कारकुनानं चष्मा वर करून गाठ पाहिली. वर्षानुवर्षं तो टॉवेल त्यानंच खुर्चीवर घातला असेल. मग बंद होत आलेल्या एका पेटीतून शिक्का काढला, अर्जावर मारला, तारीख घातली, आवक नंबर लिहिला.

"याच्यानं माग राहीन?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "शिक्का माझ्या हातात आहे. शेरा साहेबाचा लागते."

त्या तीन दिवसांत तिच्याशी सरळ बोललेला तो पहिला सुशिक्षित माणूस. मी मध्ये पडले, विचारू नये ते विचारलं. "काल आल्या असत्या तर?"

"काल साहेब दुपारभर इथंच होते. रिकामे. बायांचा मोर्चा रस्त्यावर होता ना, म्हणून आत कोणी येऊन नोतं राहिलं. दोघी-तिघी कशा तरी आल्या बांबूखालून वाकून, त्यायले तं शेरे देल्ले त्यायनं."

परतताना रिक्षात आम्ही दोघी एकमेकींना चिकटून बसलो होतो, रिक्षात दुसरं बसताच येत नाही. रस्त्यावरचे बांबू सोडवत होते. डांबर उन्हात चकाकत होतं, आता ते अकरा महिने कुणाला नको होतं.

"काहून खोटं बोलली वं?" तिनं पुढे बघतच विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मावशी."

"वाईट वाटलं असतं तं मी तवाच गेली असती ना, बांबूखालून."

तीन वर्षं मी याचं उत्तर शोधते आहे आणि पत्रकं लिहिते आहे, दोन्ही एकाच वेळी.

संक्रांतीनंतर माग उचलला. सेक्रेटरीनं शिक्का पाहिला आणि हसून परत दिला. मी फेब्रुवारीत उमरेडला गेले तेव्हा घराच्या मधोमध तो खड्डा तेवढा होता, पाय सोडायचा. वेणूबाईनं त्यात कांदे भरून ठेवले होते. ती दुसऱ्याच्या घरी कांड्या भरायला जायला लागली होती. मला चहा दिला. बशी पुसून दिली. नागपूरचा विषय निघाला नाही, मी काढला नाही, तिनं काढू दिला नाही. अंगणात शेजारच्या घरातल्या मागाचा आवाज येत होता आणि दर वेळी धोटा आपटला की तिचा उजवा पाय किंचित दबत होता.

तेव्हा अध्यक्षांना माझं उत्तर हे आहे. पत्रक छापायचंच असेल तर नागपूरच्या नावानं छापा. हे शहर लुबाडतं म्हणून लिहा, तहानलेलं ठेवतं म्हणून लिहा, वही उघडून जात विचारतं म्हणून लिहा, मी शब्दन्‌शब्द तपासून देईन. पण बाहेरून येणाऱ्याला शहाणं करायला मी जाणार नाही. त्याला आपलं काम माहीत असतं. काम काय ते विसरतो आपण, बांबूच्या या बाजूला त्याच्याबरोबर बसलेले, झोळेवाले. आणि ज्याचं काम झालं तो पुढच्या वर्षी येत नसेल तर न येवो. त्याच्यासाठीच तर निघालो होतो.

परवा उमरेडहून कार्ड आलं. अक्षर कुणा शाळकरी मुलीचं, बोलणं वेणूबाईचं. सोसायटीत सेक्रेटरी बदलला आहे. तिचा माग गोदामात पडून आहे, त्याला अजून वाळवी लागलेली नाही. नवा म्हणतो, साहेबाचा शेरा लेखी आण. शेवटी चार ओळी आहेत:

‘अधिवेशन सुरू होते त्या पयल्या दिवशीच येऊन राहिली. अर्ज माह्याजवळ हाये. तुह्या मायले सांगजो, जेवाले येईन. तू टेसनावर येऊ नोको.’

आईला सांगितलं. ती लगेच पीठ चाळायला बसली.

मी स्टेशनवर जाणार नाही.